नर्स कोण, मदतनीस कोण? घरच्या शुश्रूषेबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पक्षाघातानंतर वडिलांना नाकातून पोटात जाणारी नळी (रायल्स ट्यूब) आहे. नर्स आणि मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोनं बारा तासांसाठी ‘नर्स’ म्हणून एक ताई पाठवल्या. त्या नळीतून फीड देतात, इन्सुलिनही टोचतात. त्या खरंच नर्स आहेत का, हे कसं तपासायचं? (मुलुंड)

अंगातल्या कोटावरून काही ठरत नाही. एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असेल तरच नर्स. नोंदणी क्रमांक आणि नूतनीकरणाची मुदत मागा, कागदावरचं नाव आधार कार्डाशी जुळवा. ब्युरो टाळाटाळ करू लागला तर तिथेच समजा. जीडीए (जनरल ड्युटी असिस्टंट) किंवा होम हेल्थ एड हा कोर्स केलेली व्यक्ती मदतनीस असते. अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, चालवणं, नोंदी ठेवणं ही तिची कामं. पुष्कळ मावशी कोर्स न करता वॉर्डात काम करून शिकलेल्या असतात आणि या कामांत त्यांचा हात उत्तम बसलेला असतो. पण नळी घालणं, इंजेक्शन, सलाईन, सक्शन (यंत्रानं कफ ओढणं) आणि उघड्या जखमेचं ड्रेसिंग त्यांच्याकडून करून घेऊ नका. पैसे मदतनीसाचे आणि काम नर्सचं, या तडजोडीची किंमत रुग्ण मोजतो.

नळीतून फीड देणं मात्र नर्सनं समोर करून दाखवल्यावर मदतनीस किंवा घरचं माणूस करू शकतं. धोका आहे तो नळी सरकून श्वासमार्गात जाण्याचा. म्हणून दर वेळी आधी नाकपुडीजवळची खूण पाहा. नळी किती सेंटिमीटरवर आहे, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून घेतलेलं असावं. तोंड उघडून घशात नळीचं वेटोळं नाही ना, तेही पाहा. मग सिरिंजनं थोडा द्राव ओढून पीएच पट्टीवर (आम्लता दाखवणारी कागदी पट्टी) टाका. ५.५ किंवा त्याहून कमी आलं तर नळी पोटात आहे असं धरतात. आम्लपित्ताच्या गोळ्या चालू असतील तर आकडा जास्त येऊ शकतो. अशा वेळी अंदाज न करता नर्सला किंवा डॉक्टरांना विचारा. हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोपनं गुडगुड ऐकण्याची पद्धत अजून सर्रास चालते. तिच्यावर विसंबू नका, कारण नळी फुप्फुसात असली तरी तसाच आवाज येऊ शकतो.

फीड देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी, आणि नंतरही अर्धा ते एक तास तशीच. आधी ३० मिली पाणी, मग डॉक्टरांनी सांगितलेलं फीड (एका वेळी साधारण २०० ते २५० मिली), शेवटी पुन्हा ३० मिली पाणी. सिरिंजचा दट्ट्या काढून ती उंच धरायची आणि फीड आपोआप उतरू द्यायचं. पंधरा-वीस मिनिटं लागतात, लागू द्या. घाईत दट्ट्या दाबला की उलटी होते आणि ती छातीत जाते. मध्येच ठसका लागला, ओठ निळसर दिसले किंवा धाप लागली तर फीड तत्क्षणी थांबवून डॉक्टरांना फोन करा. नावापुढे एसआर किंवा ईआर असलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी कुटून नळीतून देऊ नये, तिचा दिवसभराचा डोस एकदम सुटतो. पर्याय डॉक्टरांकडून घ्या. घरी केलेलं फीड मुंबईच्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका.

इन्सुलिन नर्सनं किंवा रुग्णालयात शिकून आलेल्या घरच्या माणसानंच द्यावं. आपल्याकडे कुप्या मिलीला ४० युनिटच्याही मिळतात आणि १०० युनिटच्याही. त्यांच्या सिरिंज वेगळ्या असतात : ४० ची लाल टोपीची, १०० ची नारिंगी. १०० च्या कुपीतलं औषध लाल टोपीच्या सिरिंजनं १० च्या रेघेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात २५ युनिट जातात. रोज कुपीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा मोठ्यानं वाचून जुळवा. क्रमही महत्त्वाचा आहे. आधी रक्तातली साखर मोजायची, मग नळीची तपासणी आणि त्यानंतर इन्सुलिन. टोचून झाल्यावर नळी सरकल्याचं कळलं तर फीड देता येत नाही आणि साखर घसरत जाते.

प्रश्न : आईच्या माकडहाडावर लाल चट्टा आलाय. एअर बेड आणला आहे. चोवीस तासांच्या मावशी पावडर लावून चोळतात, पण रात्री कूस बदलत नाहीत. (गिरगाव)

चोळणं आजपासून बंद करा. खालची नाजूक ऊती त्यानं आणखी फाटते. चट्ट्यावर बोट काही क्षण दाबून सोडा. जागा फिकी पडून पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे. लाली तशीच राहिली तर बेडसोरची पहिली पायरी सुरू झाली. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तिथे ऊब आणि कडकपणा चाचपून पाहा.

एअर बेड कूस बदलण्याला पर्याय नाही. दर दोन तासांनी कूस बदलायचीच, पण पूर्ण कुशीवर वळवायचं नाही, नाहीतर भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून ३० अंशांचा कल पुरे. गुडघ्यांमध्ये एक उशी आणि पोटऱ्यांखाली एक, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. वर सरकवताना काखेत धरून ओढू नका. कमरेखाली दुमडलेली चादर घालून दोघांनी दोन्ही बाजूंनी उचला. भिंतीला टेकलेला पलंग त्यासाठी हातभर पुढे ओढावा लागेल, खोली लहान असली तरी. जेवणाची वेळ सरली की डोक्याची बाजू ३० अंशांवर किंवा खाली आणा, नाहीतर आई घसरत राहते आणि त्याच जागी कातडी ताणली जाते. गादीवर जाड रबरी शीट नको, बसायला रबरी रिंगही नको. गादीत हवा पुरेशी आहे का, हे पाहायला माकडहाडाच्या जागी गादीखाली तळवा घाला. आईचं हाड हाताला लागता कामा नये, मध्ये निदान इंचभर हवेचा थर हवा.

मावशींबद्दल स्पष्ट बोलायला हवं. दिवसभर राबलेली एकटी बाई रात्री दर दोन तासांनी उठेल, ही अपेक्षाच चूक आहे. तिला सलग झोप मिळायला हवी. एकतर बारा-बारा तासांच्या दोघी ठेवा, नाहीतर रात्रीच्या पाळ्या घरच्यांनी वाटून घ्या. कातडी फुटली, काळी पडली, वास येऊ लागला किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : चाळीतल्या एका खोलीत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन) लावायचा आहे. ओटा आणि देवघर तिथेच आहे. (लालबाग)

मशीन आणि रुग्ण खिडकीकडे ठेवा, ओट्यापासून निदान दहा फूट. तेवढी जागा नसेल तर गॅस पेटवताना रुग्णाला गॅलरीत बसवा किंवा स्वयंपाक शेजारी करा. समई आणि उदबत्ती बंद, विजेचा दिवा चालेल. मशीन चालू ठेवून नळी गादीवर टाकू नका. चादरीत ऑक्सिजन भरतो आणि ठिणगी पडली तर भडका उडतो. नाकाला व्हॅसलीन किंवा तेल नको. भिंतीपासून फूटभर अंतर, स्वतंत्र तीन पिनांचा सॉकेट आणि मशीनच्या बाटलीत रोज ताजं डिस्टिल्ड वॉटर ठेवा. वीज गेल्यास भरलेला छोटा सिलिंडर (सुमारे १५०० लिटर) मिनिटाला २ लिटरच्या हिशेबानं बारा तास पुरतो.

प्रश्न : ब्युरो दर आठवड्याला माणूस बदलतो, प्रत्येक जण नव्यानं विचारतो. तक्रार कुठे करायची? (गोरेगाव)

आधी वही ठेवा. वेळ, फीड आणि पाणी किती, लघवी किती, शौच, साखर, बीपी, दिलेली औषधं, कोणत्या कुशीवर ठेवलं आणि सही. सकाळी आठ आणि रात्री आठ वाजता जाणारी येणारीला वही वाचून दाखवील, घरचं एक माणूस समोर उभं राहील. युरिन बॅग दोन-तृतीयांश भरली की रिकामी, कायम मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकलेली, हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

ब्युरोशी लेखी करार करा. कामांची यादी, बदली माणूस किती तासांत, डिपॉझिट परत कधी आणि पोलीस पडताळणी कोण करणार, हे त्यात हवं. पैसे घेऊन सेवा नीट दिली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मारहाण, हात बांधून ठेवणं किंवा डॉक्टरांनी न सांगितलेली झोपेची गोळी देणं, असं काही दिसलं तर ब्युरोच्या फोनची वाट पाहू नका. तातडीनं ११२ वर पोलीस आणि ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ यांना कळवा. अंगावरच्या खुणांचे फोटो तारखेसह काढून ठेवा, वही जपून ठेवा.