फिल्टर ठिबकतच नाही, काकू!

प्रश्न : काकू, माझी लेक बेंगळुरूला नोकरीला लागली. दिवाळीला येताना तिने स्टीलचा कॉफी फिल्टर आणि अर्धा किलो पावडर आणली. पाकिटावर ‘कॉफी ८०, चिकोरी २०’ असं छापलंय. मी चार मोठे चमचे पावडर घालते, छत्रीने (फिल्टरमधल्या दांडीच्या भोकाभोकांच्या चकतीने) घट्ट दाबते, वरून उकळतं पाणी ओतते. तासभर झाला तरी खाली चमचाभर पाणी. मग वैतागून सगळं पातेल्यात ओतते, उकळते नि गाळते. कॉफी कडू जहर होऊन राहिली आहे. आमच्या ह्यांना तर आपली जायफळाचीच बरी वाटते. काय चुकतंय?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

ताई, तुमचं पत्र वाचलं आणि अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधलं शेजारच्या मामींचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलं. मामी तमिळ, त्यांचे यजमान रेल्वेत. जी.टी. एक्स्प्रेसने मद्रासहून कुणी ओळखीचं आलं की त्यांच्याकडे पावडरचा डबा यायचा आणि अर्ध्या चाळीला वास जायचा. मी नवी नवरी. कॉफी म्हणजे दूध, साखर, पावडर एकत्र खदखदवायची, एवढंच मला ठाऊक. एकदा त्यांच्या ओट्याशी मी पावडरचं पातेलं गॅसवर चढवायला गेले, तर मामींनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, “चहा उकळ. कॉफीला फक्त भिजू दे.”

तुमची कॉफी बिघडते ती त्या पातेल्यात. गरम पाणी पावडरीतून आधी वास, आंबूसपणा आणि गोडवा काढून घेतं. कडूपणा आणि जीभ ओढून धरणारा तुरटपणा मागून येतो. उकळलं की हे मागचंही सगळं उतरतं, आणि वास मात्र वाफेबरोबर घरभर उडून जातो.

पण तुम्ही उकळता, कारण फिल्टर ठिबकत नाही. म्हणून आधी वरचं भांडं रिकामं करा आणि खिडकीकडे धरून त्याच्या तळातून उजेड बघा. मामी मला रोज हे करायला लावायच्या. सगळी भोकं चांदण्यांसारखी दिसली पाहिजेत. जी दिसत नाहीत ती टाचणीने मोकळी करा, कडकडीत पाण्यात भांडं बुडवा आणि कोरडं पुसूनच ठेवा. नव्या फिल्टरचीही भोकं कधी कधी नीट पडलेली नसतात, तेव्हा नवा आहे म्हणून सोडू नका.

दुसरं, तो घट्ट दाब. छत्री पावडरीवर अलगद टेकवायची असते. पाणी एकाच जागी पडून खड्डा होऊ नये, एवढंच तिचं काम. तुमच्या पावडरीत चिकोरी, म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ, आहे आणि ती पाण्यात फुगून चिकट होते. वरून दाबली की लगदाच बसतो.

आता दोन कपांचं माप. २० ग्रॅम पावडर घ्या. वाणसामानाचा छोटा वजनकाटा असेल तर एकदा तोलून आपल्या चमच्याचं माप ठरवून टाका. भांडं हलकेच आपटून पावडर सपाट करा, छत्री ठेवा. पाणी उकळलं की गॅस बंद करून मिनिटभर थांबा. आधी फक्त दोन-तीन चमचे पाणी गोल फिरवत घाला आणि अर्धा मिनिट बघत राहा. पावडर ताजी असेल तर फुगेल, बुडबुडे येतील. भाजताना दाण्यात अडकलेला वायू तो. मग उरलेलं घाला, सगळं मिळून १५० मिली. झाकण लावा आणि तिथून उठा. पंधरा-वीस मिनिटांत खाली शंभर-एकशे दहा मिली डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, जमेल, बाकीचं पावडर पिऊन टाकते. पाच मिनिटांतच सगळं उतरलं तर पुढच्या वेळी छत्री किंचित दाबा.

दूध घालण्याआधी अर्धा चमचा डिकॉक्शन नुसतं चाखा, साखरेशिवाय. हे मी कुणालाही सोडू देत नाही. आंबट आणि पाणचट लागलं तर पाणी निवलं होतं किंवा फार भरभर उतरलं. कडू, तुरट लागलं तर फार वेळ रेंगाळलं. एका दिवशी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही. मग ताजं, न निवलेलं दूध: एक भाग डिकॉक्शन, दोन भाग दूध. उरलेलं डिकॉक्शन संध्याकाळी परत गॅसवर चढवू नका. दूधच जास्त तापवून घ्या.

पाणी नळाचंच घ्या. बोअरच्या जड पाण्याने चव दबते, आणि आरओचं फार हलकं पाणी घेतलं तर कॉफी पोकळ लागते.

अर्धा किलो पावडर मात्र दोघांना फार झाली. दळलेल्या कॉफीचा वास लवकर उडतो. घट्ट झाकणाच्या लहान डब्यांत भरा, गॅसजवळ ठेवू नका आणि लेकीला सांगा, पुढच्या वेळी शंभर ग्रॅमच आण, पाकिटावर भाजल्याची तारीख बघून.

आणि जायफळाची कॉफी सोडू नका हो! ती दुधातली वेगळी कॉफी आहे, कोजागिरीची आहे. फक्त जायफळ गॅस बंद केल्यावर किसा. ह्यांना ती द्या, तुम्ही फिल्टरची घ्या.

प्रश्न : उपवासाला फिल्टर कॉफी चालते का? कुणी म्हणतं त्यात चिकोरी असते.
– महाल, नागपूर

चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, भाजून दळलेलं. आपल्याकडे गुजरातेत आणि उत्तर प्रदेशात पिकतं. त्यात कॅफिन नसतं. रंग, दाटपणा आणि कडवटपणा येतो. रताळंही मूळच, पण तुमच्या घरी काय चालतं ते तुमच्या सासूबाईच सांगतील. मन खात असेल तर निव्वळ कॉफी घ्या. मिश्रणात किती टक्के काय आहे ते पाकिटावर छापावंच लागतं आणि त्यात कॉफी ५१ टक्क्यांहून कमी चालत नाही.

प्रश्न : मी होस्टेलवर राहतो. ना फिल्टर, ना मशीन, फक्त किटली. दूध नको, काळी कॉफी हवी.
– विद्यार्थी, नंदनवन, नागपूर

बाळा, मग तुझं काम सर्वांत सोपं आहे. कॉफीच्या दोन मुख्य जाती, अरेबिका आणि रोबस्टा. चिकोरी नसलेली, जाड रव्याइतकी जाडसर दळलेली अरेबिका घे. रोबस्टा दुधात दमदार लागते, पण तिच्यात कॅफिन जवळजवळ दुप्पट आणि नुसती प्यायला ती कडू. १५ ग्रॅम पावडर स्टीलच्या मोठ्या पेल्यात घाल, २५० मिली पाणी ओत, एकदा ढवळ, वर ताटली ठेव. चार मिनिटांनी चहाच्या बारीक गाळणीतून गाळ. तळाचा गाळ पेल्यातच राहू दे, शेवटचा घोट ओतायचा नाही.

मे महिन्यात तेवढीच पावडर रात्री १५० मिली गार पाण्यात घालून मेसच्या फ्रिजमध्ये ठेव. बाहेर ठेवू नकोस, आपल्या उन्हाळ्यात आंबेल. सकाळी गाळून बर्फावर ओत. आंबटपणा कमी आणि गोडसर लागते. साखर घालण्याआधी एक घोट घेऊन बघ आणि कशी झाली ते मला लिही.