'बोगस आश्रयार्थी' म्हणावे का?

युरोपातल्या रोमा या अल्पसंख्य समाजाविषयीच्या मराठी बातमीत 'बोगस आश्रयार्थी' आणि 'रोमांचे लोंढे' हे शब्द वाचून एका वाचकाने विचारले आहे, हे प्रयोग बरोबर आहेत का?

'आश्रयार्थी' अगदी बरोबर. ज्याने आश्रय मागितला तो आश्रयार्थी. अर्ज मान्य झाला की त्याला निर्वासिताचा दर्जा मिळतो. खटकतो तो 'बोगस'. बोगस डॉक्टर म्हणजे डॉक्टर नसलेलाच माणूस. आश्रय मागणाऱ्याने मागणी तर खरोखर केलेली असते, मग तो बोगस कसा? अर्ज फेटाळता येतो, पण हे विशेषण निकालाआधीच चिकटते. कॅनडात अर्जांचा निवाडा स्वतंत्र मंडळ करते, तरी तिथले तेव्हाचे स्थलांतर मंत्री जेसन केनी हंगेरीतल्या रोमांच्या अर्जांना जाहीरपणे 'बोगस' म्हणत.

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९९७ मध्ये डोव्हर बंदरात चेक आणि स्लोव्हाक रोमा उतरले. होते काहीशे, मथळ्यांत मात्र 'आक्रमण' आणि 'पूर'. बेकारभत्त्याच्या धनादेशाला तिकडे 'जायरो चेक' म्हणत. त्यावर कोटी करून या चेक नागरिकांनाच 'जायरो चेक' म्हटले गेले. मला ही कोटी फार क्रूर वाटते. मायदेशी वंशद्वेषी स्किनहेड टोळ्यांचे हल्ले, रोमा मुलांची मतिमंदांसाठीच्या 'विशेष शाळां'त रवानगी, हे सगळे तिने झाकून टाकले. चेक प्रजासत्ताकातल्या त्या शाळांचा प्रकार भेदभावच होता, असा निकाल युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००७ साली दिला.

सरकारी शब्द याहून सौम्य असतात, म्हणून जास्त जपून वाचावेत. २००१ मध्ये ब्रिटिश अधिकारी प्राग विमानतळावरच प्रवाशांची 'पूर्वतपासणी' करू लागले. प्रत्यक्षात रोमा दिसणाऱ्यांनाच जास्त खोदून विचारले जाई, त्यांच्यातल्या बहुतेकांना विमानात चढू दिले जात नसे. २००४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे ब्रिटनचे सर्वोच्च न्यायपीठ) हा वांशिक भेदभाव ठरवला.

'लोंढा' तर आपल्या घरचाच. परप्रांतीयांसाठी आपली वृत्तपत्रे तो सर्रास वापरतात. लोंढा थोपवायचा असतो, त्याची कैफियत कोणी ऐकत नाही. आकडा ठाऊक असेल तर तो द्यावा, नसेल तर 'अनेकांनी आश्रय मागितला' एवढे पुरते. 'बोगस' हा मंत्र्याचा शब्द असेल तर त्याच्या नावानिशी, अवतरणात छापावा. आणि 'जिप्सी'? रोमा इजिप्तहून आले या गैरसमजातून पडलेले नाव. ब्रिटनमधले काही समूह ते स्वतःसाठी वापरतात, त्यांच्यापुरते ठेवावे. चेक, स्लोव्हाक, हंगेरियन लोकांसाठी 'रोमा'च लिहावे.