रोज रात्री फरसाण खाल्ल्याशिवाय झोप लागत नाही. याला खाण्याचं व्यसन म्हणायचं का? आणि ते मोजतात कसं?

तुम्ही लिहिलंय की जेवण झालेलं असूनही अकरा वाजता हात फरसाणाच्या डब्याकडे जातो, मिस्टर 'व्यसनीच आहेस' म्हणून चिडवतात, आणि परवा ऑनलाइन एक चाचणी भरली तर खरंच 'फूड अ‍ॅडिक्शन' असा निकाल आला. मी डॉक्टर नाही. मानसशास्त्रात एमए केलं आणि नोकरी भलतीच करते. पण ही चाचणी मी दोनदा भरलीय आणि दोन्ही वेळा निकाल वेगळा आला, त्यामुळे चार शब्द सांगू शकते.

तुम्ही भरलीत ती बहुधा येल फूड अ‍ॅडिक्शन स्केल असणार, सगळीकडे तीच फिरते. येल विद्यापीठातल्या अ‍ॅशली गिअरहार्ट, विल्यम कॉर्बिन आणि केली ब्राउनेल यांनी ती २००९ मध्ये आणली. त्यांनी केलं काय, तर डीएसएम नावाचा जो मानसोपचाराचा अमेरिकन निदानग्रंथ आहे, त्यातले दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाचे सात निकष घेतले आणि पदार्थाच्या जागी खाणं ठेवलं. ठरवलं त्यापेक्षा जास्त घेणं, सोडायचा प्रयत्न फसणं, त्रास होतोय हे कळूनही चालू ठेवणं, वगैरे. डीएसएमची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये आली, निकष अकरा झाले, म्हणून २०१६ मध्ये स्केलही बदलली. आता पस्तीस प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला 'कधीच नाही'पासून 'रोज'पर्यंत आठ पर्याय. म्हणजे पट्टी दारूची आणि मापायचं खाणं. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण निकाल वाचताना डोक्यात असू द्या.

काही प्रश्न वाचून हसू येतं. खाण्याच्या नादात रस्ता ओलांडताना किंवा गाडी चालवताना इजा होण्याची वेळ आली होती का, असा एक आहे. दारूच्या बाबतीत हा जिवाचा प्रश्न. वडापावच्या बाबतीत काय उत्तर द्यायचं? सुरुवातीला नमुन्यादाखल पदार्थांची यादी दिलीय, त्यात आइस्क्रीम, चॉकलेट, चिप्स, पिझ्झा यांच्याबरोबर चक्क भातही आहे. आम्ही कोकणातले, आमचं तर घरच्या घर दाखल करायला हवं. चहा-कॉफी सुटल्यामुळे जे डोकं दुखतं ते मात्र धरू नका, असं २००९ च्या मूळ स्केलमध्ये स्पष्ट बजावलं होतं. चहाची तलफ त्यांनी शहाणपणाने बाहेर ठेवली.

आता माझी गोष्ट. पहिल्यांदा भरली तेव्हा अकरापैकी पाच लक्षणं निघाली. पण नुसत्या लक्षणांवर निदान होत नाही. खाण्यामुळे तुम्हाला मनस्ताप होतो का, आयुष्यात मोठ्या अडचणी येतात का, असे दोन वेगळे प्रश्न असतात आणि त्यांतल्या एकाचं तरी उत्तर पुरेसं 'हो' लागतं. मी दोन्हीकडे 'कधीच नाही' टिचकवलं. निकाल: व्यसन नाही. खूश.

चार दिवसांनी रात्री क्रीमच्या बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला आणि त्याचा कागद कचऱ्याच्या डब्यात टाकताना नारळाच्या शेंड्या बाजूला सारून तळाशी दाबला, वर पुन्हा शेंड्या पसरल्या. घरात मी आणि आई. आई कधी मला एका शब्दाने बोललेली नाही. मग हे लपवणं कुणापासून? तिथेच ओट्यापाशी उभी राहून फोनवर चाचणी पुन्हा भरली, मनस्तापाच्या प्रश्नावर 'आठवड्यातून दोन-तीन वेळा' दिलं. लक्षणं तीच पाच, आणि निकाल: मध्यम स्वरूपाचं व्यसन. (दोन-तीन लक्षणं असतील तर सौम्य, चार-पाच मध्यम, सहा किंवा जास्त म्हणजे तीव्र.) त्या एका पुड्याने वर्षभराच्या हिशोबात काय फरक पडणार? प्रश्न मागच्या बारा महिन्यांबद्दल असतात. बदललं ते माझं स्वतःशी खरं बोलणं. ही स्केल तुम्ही किती खाता हे मोजतच नाही. खाण्यावरचा ताबा सुटल्याचं तुम्हाला किती जाणवतं आणि ते किती टोचतं, हे मोजते.

याला आजार म्हणायचं का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. डीएसएमच्या पाचव्या आवृत्तीत जुगाराचं व्यसन आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, गेमिंगचंही आहे, पण खाण्याचं व्यसन दोन्हींत नाही. भांडण मुख्यतः असं: दारूत अल्कोहोल असतं, तंबाखूत निकोटीन असतं, फरसाणात नेमकं काय असतं? योहानेस हेबेब्रांड हे संशोधक आणि त्यांचे सहकारी २०१४ मध्ये म्हणाले की अमुक पदार्थाचं व्यसन असं सिद्ध झालेलं नाही, म्हणायचंच तर 'खाण्याच्या वागण्याचं व्यसन' म्हणा. उलट बाजूने, २०१५ मध्ये शुल्टी, अव्हेना आणि गिअरहार्ट यांनी लोकांना विचारलं की पस्तीस पदार्थांपैकी कुठल्यांपुढे तुमचं काही चालत नाही. पिझ्झा, चॉकलेट, चिप्स वर, काकडी तळाला. मैदा-साखर आणि चरबी एकत्र करून कारखान्यात बनवलेलं ते वर, हे त्यांचं म्हणणं. काकडीसाठी रात्री कोणी उठत नाही हे आपल्याला माहीत होतंच, तरी मुद्दा बिनतोड आहे.

माझं मत विचाराल तर आपल्या भाषेत यासाठी आधीच पायऱ्या आहेत. आवड, चटक, लत, व्यसन. इंग्रजी चाचणी मधल्या दोन पायऱ्या गाळून थेट शेवटच्या पायरीवर नेऊन बसवते. माझी आजी मिश्री लावायची. एकदा कोल्हापूरच्या गाडीत डबी घरी राहिली, तर मिरज येईपर्यंत तिला घाम फुटला, ती माझ्यावर ओरडली (एरवी कधीच ओरडायची नाही) आणि गाडी थांबताच मामाला फलाटावर पळवलं. डबा रिकामा असेल त्या रात्री तुम्ही काय करता? शेंगदाणे-गूळ खाऊन झोपत असाल तर हे आजीच्या मिश्रीसारखं नाही.

मात्र एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. थोड्या वेळात प्रचंड खाल्लं जातं, थांबवता येत नाही, नंतर किळस वाटते, आणि हे आठवड्यातून एकदा तरी असं तीन महिने चाललंय, तर त्याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. ते अधिकृत निदान आहे आणि त्यावर उपचार आहेत. खाल्लेलं मुद्दाम उलटून काढत असाल तर स्केल-बिल सोडा, सरळ मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

तुमच्या प्रश्नात तळाशी एक ओळ आहे, ती मी दोनदा वाचली: वजनासाठी दोन महिन्यांपासून रात्रीची भात-पोळी बंद, साडेसातला फक्त सूप. अहो, साडेसातला सूप पिऊन अकराला जे लागतं त्याला भूक म्हणतात. त्या पस्तीस प्रश्नांत रात्री जेवलात काय, हे कुठेच विचारलेलं नाही. दोन आठवडे रात्री दोन पोळ्या आणि भाजी खाऊन बघा, आणि अकरा वाजता हात कुठे जातो ते इथेच खाली कळवा.