विचारा सरांना : एच-इंडेक्स १७चा जावई

प्रश्न : थोरल्या मुलीला स्थळ सांगून आलंय. मुलगा रसायनशास्त्रात पीएच.डी., सध्या पोस्ट-डॉक (पीएच.डी.नंतरचं संशोधन) करतोय. बायोडेटात उंची, देवक, शेती झाल्यावर एक ओळ आहे : ‘शोधनिबंध ३४, सायटेशन ११२०, एच-इंडेक्स १७.’ आमचा गुळाचा व्यापार, आम्हाला यातलं काय कळणार? पाहुण्यांना विचारायचा संकोच वाटतो. हे चांगलं म्हणायचं की बेताचं?
— एक वधूपिता, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : संकोच कसला? त्यांनीच छापलंय, म्हणजे कुणीतरी विचारावं अशीच इच्छा असणार. रसायनशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली; पण लग्नाच्या बायोडेटात एच-इंडेक्स मी पहिल्यांदाच ऐकतोय. पोरगं हौशी दिसतं.

सायटेशन म्हणजे दुसऱ्या संशोधकानं आपल्या निबंधाच्या संदर्भयादीत याच्या निबंधाचा केलेला उल्लेख. एच-इंडेक्स २००५ साली हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं काढला. १७ म्हणजे याचे १७ निबंध असे आहेत, की त्यातल्या प्रत्येकाला किमान १७ उल्लेख मिळालेत. एखाद्याच निबंधाला हजार उल्लेख मिळाले आणि बाकीचे कोरे राहिले, तर हा आकडा १ वरच अडकतो. मुलगा तिशीच्या आसपास असेल तर १७ चांगलाच म्हणायचा.

आता खरी गोम. हे आकडे विषयावर फार अवलंबून असतात. तुमच्याच धंद्यातलं घ्या. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही गुऱ्हाळांत हायड्रॉस, म्हणजे रंग उजळवणारं रसायन, टाकतात. त्याचा अंश गुळात किती उरतो, भेंडीच्या चिकानं रस तितकाच स्वच्छ होतो का, यावर कुणी नेटानं काम केलं तर करवीर-पन्हाळ्याच्या गुऱ्हाळवाल्याला त्याचा उपयोग होईल. पण उल्लेख करायला त्या विषयात लिहिणारी माणसंच मोजकी. तेच सुपरकपॅसिटर (वीज साठवणारं साधन) किंवा थिन फिल्मवर (पदार्थाचा अतिपातळ थर) लिहा. त्यावर चीन-कोरियापासून आपल्या शिवाजी विद्यापीठापर्यंत शेकडो जण काम करतात, उल्लेख धडाधड वाढतात. म्हणून विषय विचारल्याशिवाय ११२० या आकड्यावर हुरळू नका आणि नाकही मुरडू नका.

शिवाय उल्लेख म्हणजे शाबासकीच असं नाही. जगात सर्वाधिक उल्लेख झालेला निबंध १९५१चा आहे, लॉरी आणि सहकाऱ्यांचा. त्यात कुठला मोठा सिद्धांत नाही, द्रावणातलं प्रथिन मोजायची रीत आहे. फोलिनचं अभिकर्मक, म्हणजे ठरावीक रसायन, घालायचं, निळा रंग येतो, तो जितका गडद तितकं प्रथिन जास्त. ही रीत वापरली की लॉरीचं नाव लिहायचं, असं करत उल्लेख तीन लाखांच्या पुढे गेले.

आता घरबसल्या करायचं काम. मुलीला गुगल स्कॉलर, म्हणजे शोधनिबंध शोधायचं गुगलचं पान, उघडायला सांगा. नाव टाकताना जपून, आडनाव पाटील असेल तर अख्खा जिल्हा समोर येईल. संस्थेचं नावही जुळवून घ्या. प्रत्येक शीर्षकाखाली लेखकांची नावं असतात. आमच्या विषयात सहसा पहिलं नाव प्रयोगशाळेत हात काळे करणाऱ्याचं आणि शेवटचं गाइडचं असतं. चौतीसपैकी दहा-बारा ठिकाणी याचं नाव पहिलं असेल तर पोरगं कष्टाळू आहे. सगळीकडे पाचवं-सहावं असेल तर मोठ्या ग्रुपच्या गाडीत बसून आकडा वाढलाय. यात लबाडी नाही, पण चौतीसचं वजन उतरतं. स्कोपस या शोधनिबंधांच्या दुसऱ्या सूचीवर आकडा कमी दिसला तर मात्र खोटं बोलला म्हणू नका. गुगल स्कॉलर प्रबंधांसकट पुष्कळ काही धरतं, स्कोपस निवडक जर्नलं, पुस्तकं आणि परिषदेतले लेखच मोजतं. स्वतःच स्वतःचे उल्लेख करणारेही असतात. थोडेफार सगळेच करतात, कारण पुढचं काम मागच्यावरच उभं असतं.

मी तुमच्या जागी असतो तर आकडे बाजूला ठेवून बघण्याच्या कार्यक्रमात एवढंच विचारलं असतं, “यातला तुमचा आवडता निबंध कुठला? त्यात काय केलंत, आम्हाला कळेल असं सांगा.” पोहे संपेपर्यंत न अडखळता सांगितलं तर काम त्यानं स्वतः केलंय.

आणि एक. एच-इंडेक्सचा पगाराशी थेट संबंध नाही. पोस्ट-डॉक ही मुदतीची फेलोशिप असते, कायमची नोकरी नव्हे. प्राध्यापकाच्या जागा निघतात कधी, भरतात कधी, हे कोल्हापुरात कुणाला वेगळं सांगायला नको. फेलोशिप किती महिने उरलीय आणि पुढे परदेशी जायचा विचार आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा. आणि तसं जायचं असेल तर मुलीची तयारी आहे का, हे त्याआधी घरात.