चिठ्ठी परवानगीची नव्हे, औषधांची

नाशिकच्या सिडकोतून एका मैत्रिणीने लिहिलंय: "वय 29. बायपोलर आजारासाठी (मन कधी अति उत्साही, कधी अगदी खचलेलं) मन स्थिर ठेवणारी सोडियम व्हॅल्प्रोएट ही गोळी चालू आहे, दोन वर्षं तब्येत छान. आता मूल हवंय. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणतात, मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी आणा. सासूबाई म्हणतात, गोळ्या बंद कर आणि चान्स घे. मला आई व्हायला डॉक्टरांची परवानगी लागते का?"

नाही लागत, ताई. मानसिक आजाराचं निदान झालं म्हणजे निर्णय घेण्याची क्षमता गेली, असं मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मानत नाही. मूल हवं की नको हे तुम्ही आणि तुमचे मिस्टर ठरवाल. चिठ्ठी हवी ती औषधांसाठी, आणि ती मागणी रास्त आहे.

बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून घडतो, ती गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत मिटते. तोवर पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. गरोदरपणी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर शंभरातल्या सुमारे 10 बाळांत मोठं जन्मजात व्यंग आढळतं; 30 ते 40 मुलं बोलण्या-शिकण्यात मागे पडतात. म्हणून 'दिवस राहिल्यावर बघू' इथे चालत नाही. फॉलिक अॅसिड 5 मिलिग्रॅम डॉक्टर आधीच सुरू करतील, पण त्याने हा धोका पुसला जात नाही.

तरीही गोळी एकदम सोडू नका. आजार उलटतो, आणि पोटात बाळ असताना उलटला तर औषधं वाढतात, कधी ॲडमिट व्हावं लागतं. आधी नवं औषध बसवायचं, मग जुनं उतरवायचं. नवं औषध म्हणून लॅमोट्रिजिन ठरलं तर व्हॅल्प्रोएट चालू असेतो ते नेहमीच्या निम्म्या डोसने, फार हळू चढवतात. अंगावर चट्टे उठले तर त्याच दिवशी दाखवा. लिथियम असेल तर रक्तातली पातळी, थायरॉइड, किडनी तपासत राहावं लागतं. यात काही महिने जातात. तोवर तांबी बसवून घ्या. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी लॅमोट्रिजिनची पातळी उतरते. मध्येच दिवस गेलेच, तर गोळी स्वतःहून न थांबवता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

खरी कसोटी बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत. बायपोलर असलेल्या साधारण पाचांतल्या एकीला तेव्हा तीव्र त्रास होतो, आणि सुरुवात बहुधा झोपेपासून होते. बाळ शेजारी शांत झोपलंय, आणि तुम्ही टक्क जाग्या, विचार सुसाट, थकवा मात्र नाही: असं झालं तर सकाळची वाट पाहू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर चोवीस तास मराठीत बोलता येतं. भास होऊ लागले किंवा बाळाबद्दल भलते विचार आले तर घरच्यांनी थेट इस्पितळ गाठावं. रात्री 12 ते 5 बाळ कोणाकडे, हे सातव्या महिन्यातच ठरवा. सासूबाईंनाच विचारा. गोळ्यांचा विरोध काळजीपोटी असेल, तर हे काम त्या मनापासून करतील.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो दोन डॉक्टरांच्या मध्ये: गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी बदललेली गोळी कॉलेज रोडच्या डॉक्टरांना कळतच नाही. दोघांसाठी एकच वही ठेवा. याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या, मिस्टरांना सोबत न्या, आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालूनच घरातून निघा.