जवाला गव्हाएवढं खत नको

तुमचा प्रश्न असा: चोपड्याकडे केळीची बाग मोडून दोन एकर जव पेरायचाय, गव्हाचाच डोस चालेल का?

नाही चालणार, भाऊ. मी तेच करून बसलोय. आमचं वावर यावलकडे, काळी कसदार जमीन, केळी नुकतीच निघालेली. जव पहिल्यांदाच पेरला, पण हाताला सवय गव्हाची. पीक इतकं गर्द हिरवं आलं की येणारा-जाणारा बांधावर थांबायचा. ओंब्या भरताना पाणी दिलं, रात्री वारा सुटला आणि सकाळी अर्धं वावर आडवं. खाली दबलेल्या ओंब्या ओलीने काळ्या पडल्या. मशीनवाल्याने बांधावरूनच नकार दिला. मग मजूर लावून विळ्याने उचलून-उचलून कापलं.

बागायती गव्हाला हेक्टरी १२०:६०:४० किलो नत्र, स्फुरद, पालाश देतात. जवाला ६०:३०:२०, म्हणजे बरोबर निम्मं. याची काडी गव्हापेक्षा नाजूक, जास्त नत्र मिळालं की उंच वाढतो आणि लोळतो.

तुमच्या दोन एकराला नत्र ४८ किलो, स्फुरद २४ किलो लागेल. डीएपीची ५० किलोची एक गोणी पेरणीलाच द्या. त्यातून स्फुरद जवळजवळ पुरं होतं, वर ९ किलो नत्र मिळतं. उरलेल्या नत्राला ८५ किलो युरिया लागतो, म्हणजे ४५ किलोच्या दोन गोण्यांना थोडा कमी. त्यातला ३३ किलो पेरणीला, बाकीचा पहिल्या पाण्याला, साधारण महिन्याने.

हा झाला कागदावरचा हिशोब. केळीच्या रानात मी दुसऱ्या हप्त्यातला निम्माच युरिया टाकतो. खालची पानं पिवळी पडायला लागली तरच बाकीचा. पालाश तर केळीला सढळ हाताने पडलेलं असतं. माती परीक्षणात कमी दिसलं तरच घ्या. तपासणीला नमुना मात्र केळीच्या ओळीतला नि मधल्या पट्ट्यातला दोन्हीकडचा घ्या. ठिबकखालच्या मातीत खत साचलेलं असतं, नुसती तीच माती दिली तर अहवाल फसवतो.

जव माल्टसाठी (बिअरला लागणारा मोड आणून वाळवलेला जव) द्यायचा असेल तर दुसरा हप्ता लांबवू नका. उशिराच्या नत्राने दाण्यातली प्रथिनं वाढतात आणि घेणारा नाक मुरडतो. जनावरांच्या खाद्याला असेल तर ती कटकट नाही, लोळायची भीती मात्र तेवढीच.