तिसरा बिंदू नीट समजून घे

प्रतलाचा, म्हणजे सगळीकडे पसरलेल्या सपाट पृष्ठभागाचा, नियम पाठ करायची घाई करू नकोस. आधी घराच्या दाराकडे बघ. दोन बिजागऱ्या म्हणजे दोन बिंदू. त्यांतून एकच रेषा जाते, पण त्या रेषेभोवती दार फिरत राहतं आणि दर कोनाला वेगळं प्रतल मिळतं. आता कडी लाव. हा तिसरा बिंदू, आणि दार जागच्या जागी पक्कं! तीन नैकरेषीय, म्हणजे एकाच रेषेत नसलेल्या, बिंदूंतून एक आणि एकच प्रतल जातं, ते असं.

यातला 'नैकरेषीय' हा शब्द मुलं हमखास गाळतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण सगळा जीव त्यातच आहे. दोन बिजागऱ्यांच्या मधे तिसरी ठोकलीस, तर दार थांबेल का? फिरतच राहील.

चौथा बिंदू त्याच प्रतलात असेलच असं नाही. म्हणून तर ओबडधोबड जमिनीवर तिपाई स्थिर बसते आणि चार पायांचं स्टूल डुगडुगतं. असे चार बिंदू एकप्रतलीय, म्हणजे एकाच प्रतलात, नसतील, तर तीन-तीन घेऊन किती प्रतलं होतात? मातीच्या 4 गोळ्या आणि 6 काड्या जोडून बघ, बोटाने त्रिकोणी बाजू मोज. उत्तर 4. तुझं 3 आलं, तर बहुधा तळ मोजायचा राहिलाय.